सांगाडा-कोळंबी कोणासही माहीत नसल्याबाबत

आमच्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागात गेल्या वर्षी नऊ मिलिमीटर लांबीचा एक प्राणी पूर्वपरवानगीशिवाय नवीन निघाला. त्या प्रकरणाची फाइल कार्यालयीन अधीक्षक म्हणून माझ्याकडे होती. बाहेर त्याबद्दल उलटसुलट बोललं जातं, म्हणून वस्तुस्थिती मांडतो. मी विद्याधर खडपे, सेवा एकतीस वर्षं. माझ्या टेबलावरून आजवर एकही कागद जावक क्रमांकाशिवाय गेलेला नाही.

प्राणी शोधला अक्षता तायडे यांनी. तायडे मॅडम आमच्याकडे बोरिवलीला सहा वर्षं तासिका तत्त्वावर शिकवत होत्या. तासिका तत्त्व म्हणजे मार्चअखेर संस्था तुम्हाला ओळखेनाशी होते आणि जूनमध्ये पुन्हा नव्याने ओळख करून घेते. त्या वर्षी मात्र विभागात एक कायम जागा मंजूर झाली होती. मुलाखत वीस जूनला. जाहिरातीत लिहिलं होतं, 'मूलभूत संशोधन असलेल्या उमेदवारास प्राधान्य'. मॅडमकडे संशोधन म्हणून जे काही होतं ते गोराईच्या खाडीत एका दोराला लटकत होतं.

या प्राण्याला शास्त्रात सांगाडा-कोळंबी म्हणतात. ती कोळंबी नाही आणि तिच्या अंगात हाडही नाही, पण नाव ठेवणाऱ्यांनी आपल्या कार्यालयाशी चर्चा केली नव्हती. दिसायला सुतळीचा तुटका धागा. मॅडमनी आठ महिने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून तिची चित्रं काढली आणि दाखवून दिलं की गोराईच्या नराच्या पुढच्या पंजावर एक जादा दात आहे, जो त्याच्या जगभरच्या भाऊबंदांत कोणालाच नाही. तेवढ्या दातावर जात नवी ठरते.

एकदा त्यांनी मला हजेरीपट घेऊन आलेलं पाहून थांबवलं. "खडपे सर, दोन मिनिटं. हे बघा तरी." मी बघितलं. एक मादी काडीला पाय रोवून उभी होती आणि तिच्या पाठीवर, डोक्यावर, जिथे जागा मिळेल तिथे तिची पिल्लं उभी होती. सगळी मिळून हळूहळू वाकत होती. मला ते फार आवडलं, हे मी कबूल करतो. हजेरीपटावर सही घ्यायची राहून गेली.

शोधनिबंध छापणाऱ्या नियतकालिकाने कळवलं की वर्णन उत्तम आहे, फक्त किनारी जीव नोंद कक्षाचा परवानगी क्रमांक जोडावा. हा कक्ष मुलुंडला आहे. समुद्राकाठी फाइलींना बुरशी येते म्हणून तो डोंगराच्या बाजूला नेलेला आहे. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मॅडम आणि मी तिथे गेलो. सहायक नोंद अधिकारी राजेश पाष्टे यांनी अर्ज वाचला आणि चहा सांगितला.

"नवीन आहे म्हणताय ना? मग आधी कोणालाच माहीत नव्हता याचा पुरावा लागणार," पाष्टे म्हणाले. "नमुना अकरा-क. अज्ञान प्रमाणपत्र. परिसरातले पाच रहिवासी, आणि जिथे सापडला त्या वस्तूचा मालक सहावा."

"आणि कोणाला माहीत असेल तर?" मॅडमनी विचारलं.

"मग तो नवीन कुठे राहिला यार. ते पारंपरिक ज्ञान झालं. फाइल पारंपरिक ज्ञान विभागाकडे जाणार."

"तो कुठे आहे?"

"तो अजून स्थापन व्हायचाय."

मला ही तरतूद योग्य वाटली. आम्ही कोरे नमुने घेतले आणि दुसऱ्याच दिवशी फेरीबोटीने गोराईला उतरलो. नमुन्याच्या तळटीपेप्रमाणे सही देणाऱ्याला प्राणी दाखवायला मनाई आहे, कारण दाखवला की तो माहीत होतो आणि सही बाद ठरते. त्याचं वर्णनही करायचं नाही. पहिले गृहस्थ आपल्या अंगणात वाल निवडत बसले होते.

"कशाबद्दल माहीत नाय म्हणून लिहायचं?" त्यांनी विचारलं.

"ते सांगता येणार नाही."

"मग नायच माहीत," ते म्हणाले आणि सही केली.

अशा रीतीने दीड तासात पाच सह्या झाल्या. लोक सहकार्य करणारे होते. एका बाईंनी तर आणखी कशाकशाबद्दल माहीत नाही असं लिहून हवं आहे का, म्हणून विचारलं.

सहावी सही जानकी वैती यांची हवी होती. त्यांच्या होडीच्या दोरावर, शेवाळाच्या झुपक्यात मॅडमना हा प्राणी पहिल्यांदा मिळाला होता. वैतीबाई साठीच्या, धक्क्याजवळ जाळं पसरून फाटलेल्या जागा विणत होत्या. मी नमुना काढेपर्यंत मॅडमनी पिशवीतून बाटलीच काढली. मला थांबवायला वेळ मिळाला नाही.

"मावशी, हे कधी पाहिलंय?"

वैतीबाईंनी बाटली उजेडात धरली. "हां. ह्यो तर कारकून."

मी चष्मा सारखा केला.

"आमी कारकूनच बोलतो याला," त्या सांगू लागल्या. "मागच्या पायांनी रशी घट्ट धरून बसतो. पुढचं अंग सारखं खाली-वर, हात पसरलेला. दिवसभर बगा, जागचा हलायचा नाय."

यावर अभिप्राय देण्याची मला आवश्यकता वाटली नाही.

वैतीबाई मात्र थांबल्या नाहीत. याच्यात दोन प्रकार आहेत, हा दातवाला आणि एक बिनदाताचा. दातवाला श्रावणात येतो, पावसाने पाणी गार झालं की. मे लागला की धक्क्यावरून नाहीसा होतो, पण मरत नाही, बाहेर खोल पाण्यात जाळी बांधायच्या खांबांच्या दोरांवर सापडतो. दातवाले आपसांत फार भांडतात. पिल्लं आधी आईच्या पोटाच्या पिशवीत असतात, मग आठेक दिवस तिच्या अंगावर. हे सगळं त्यांनी जाळ्यावरची नजर न काढता सांगितलं, आणि मॅडम जमिनीवर बसून वहीत लिहीत होत्या. लिहिता लिहिता त्यांनी वर पाहिलं. "सर, गेल्या मे महिन्यात याच दोरांवर एकही नव्हता. ते तेव्हा जातात कुठे, हे मला कळत नव्हतं. कुठल्या पुस्तकात नाहीये हे." एवढा आनंद मी आमच्या स्टाफरूममध्ये वेतन आयोगाच्या दिवशीही पाहिलेला नाही.

मग त्यांच्या लक्षात आलं. मीही आणून दिलं.

"मी यांचं नाव घालणार निबंधात," मॅडम म्हणाल्या. "आणि यांच्याकडून 'माहीत नाही' असं लिहून घेणार नाही. माहीत आहे त्यांना. माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे."

"मग फाइल अस्तित्वात नसलेल्या विभागाकडे जाईल," मी म्हणालो. "आणि वीस जूनला तुम्ही मुलाखतीला मोकळ्या हातांनी जाल. जागा पुन्हा कधी निघेल ते मला विचारू नका."

"काय झाला गो बाय?" वैतीबाईंनी विचारलं. मीच दोन वाक्यांत सांगितलं. वैतीबाईंनी हात पुसले, कागद घेतला आणि ओळीखाली बोट फिरवत मोठ्याने वाचला. "सदर प्राण्याबाबत मला अथवा माझ्या वाडवडिलांना कोणतीही माहिती नव्हती व नाही." त्या माझ्याकडे बघू लागल्या. "माझ्या बापाला पन नाय? त्यानीच तर दाखवला मला."

"तो भाग छापील आहे," मी म्हणालो.

"आन पेन." त्यांनी सही केली, स्वच्छ अक्षरात. "पोरीला नोकरी लागूंदे. मला काय माहीत नाय म्हनून तो रशीवरचा काय पलून नाय जायचा."

परतताना मॅडम बोटीत वहीच वाचत बसल्या. मी सहा नमुन्यांवरच्या तारखा तपासल्या. सगळ्या बरोबर होत्या.

फाइल मुलुंडला जूनच्या दोन तारखेपर्यंत पडून होती. त्या दिवशी पाष्टेंनी आम्हाला बोलावून घेतलं. "साहेब, अज्ञानाचा भाग झकास आहे. पण दोन त्रुटी निघाल्यात." पहिली त्रुटी पायांची. प्राण्याच्या तिसऱ्या आणि चौथ्या खंडाला पायच नाहीत, तेव्हा नमुना तुटका असून अखंड नमुना सादर करावा, असा शेरा होता. मॅडमनी सांगितलं की या कुळात तिथे पाय नसतातच, कल्ले असतात. जन्मतः पाय नसल्याचा दाखला मागवावा की काय यावर थोडी चर्चा झाली, मग पाष्टेंनी स्वतःच्या अधिकारात ती त्रुटी माफ केली.

दुसरी गंभीर होती. मॅडमच्या चित्रांवर गेल्या ऑगस्टपासूनच्या तारखा होत्या आणि अर्ज एप्रिलचा.

"म्हणजे आठ महिने तुम्हाला हा प्राणी विनापरवानगी माहीत होता," पाष्टे म्हणाले. "वाट लागेल ना मॅडम. असं करा, तुम्ही पण एक अकरा-क देऊन टाका. विषय संपला."

"मी शोधलाय तो. आणि मलाच माहीत नाही?"

"फक्त कागदावर हो. मनातलं कोण विचारतंय."

मुलाखतीला अठरा दिवस होते. मॅडमनी नमुना स्वतःकडे ओढला. "वैती मावशींनी माझ्यासाठी केली," त्या म्हणाल्या, "मग मी कोण मोठी लागून गेले?" आणि त्यांनी सही केली. वाडवडिलांसह.

आता साहजिकच प्रश्न उभा राहिला की ज्या व्यक्तीला काही माहीत नाही तिने बेचाळीस पानांचं वर्णन कसं लिहिलं. असा प्रश्न उद्या विधिमंडळातही विचारला जाऊ शकतो. पाष्टेंनी नियमावली चाळली. अर्जदार अज्ञानी असल्यास वर्णन संस्थाप्रमुखाच्या नावे पदसिद्ध प्रसिद्ध करता येतं. आमचे प्राचार्य शिवदास ढवण सर वाणिज्य शाखेचे. मी फाइल त्यांच्यापुढे ठेवली तेव्हा ते संकोचले.

"खडपे, मला यातलं काहीच कळत नाही हो."

"तीच पात्रता आहे, सर."

त्यांच्या अकरा-क वर एकही त्रुटी निघाली नाही. कक्षाच्या इतिहासात असं प्रथमच घडलं, असं पाष्टेंनी मला फोनवर सांगितलं. परवानगी दोन दिवसांत आली आणि पंधरा जूनला गोराईची सांगाडा-कोळंबी प्राचार्य ढवण यांच्या नावाने जगाला माहीत झाली. निबंधाच्या शेवटी रेखाचित्रांच्या टंकलेखनाबद्दल श्रीमती तायडे यांचे आभार होते. वैतीबाईंचं नाव अर्थातच नव्हतं. सभागृहात शाल आणि श्रीफळ झालं. छायाचित्रात सरांनी बाटली धरली आहे, ती रिकामी आहे, कारण भरलेलीत काही दिसत नाही असं छायाचित्रकाराचं म्हणणं पडलं.

वीस तारखेची मुलाखत प्राचार्यांच्या दालनात झाली. अध्यक्ष स्वतः प्राचार्य, बाहेरच्या विषयतज्ज्ञ म्हणून डॉ. माधुरी निगुडकर, आणि कागदपत्रं पुरवायला मी. निगुडकर मॅडमनी सांगाडा-कोळंबीवर एक प्रश्न विचारला आणि तायडे मॅडम वीस मिनिटं बोलल्या. दात कसा ओळखावा, पिल्लं आईच्या अंगावर किती दिवस राहतात, मे महिन्यात ती जातात कुठे. ही शेवटची माहिती गोराईच्या जानकी वैतींची आहे, असं त्यांनी दोनदा सांगितलं. निगुडकर मॅडमनी पेन खाली ठेवून ऐकलं.

मग प्राचार्यांनी फाइल उघडली. दुष्टपणाने नाही. ती समोर होती म्हणून.

"पण यांचंच लेखी निवेदन आहे इथे, दोन जूनचं," ते म्हणाले. "सदर प्राण्याबाबत यांना कोणतीही माहिती नव्हती व नाही."

निगुडकर मॅडमनी कागद पाहिला. सही तायडे मॅडमचीच होती. "मला वाटतं हे काम यांनीच केलंय," त्या म्हणाल्या. "पण माझ्या वाटण्यावर इतिवृत्त होत नाही. कार्यालयातल्या कोणी यांना हे काम करताना पाहिलंय का?"

दालनात कार्यालय म्हणजे मी होतो. तायडे मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. त्या रागाने बघत नव्हत्या. त्यांची खात्री होती की मी सांगणार. माझ्या निवृत्तीला चौदा महिने राहिले होते, प्राचार्यांच्या निबंधाच्या फाइलवर प्रत्येक पानाला माझी आद्याक्षरं होती, आणि मी जर 'पाहिलंय' म्हणालो असतो तर त्या सगळ्या कागदांचं काय करायचं हे मला कुठल्याच नियमावलीत सापडलं नसतं.

"मला काही माहीत नाही," मी म्हणालो.

तसं इतिवृत्तात नोंदवलं. विषयाचं ज्ञान नसल्याचं उमेदवाराने स्वतःच लिहून दिलेलं असल्याने जागा रिक्त ठेवण्यात आली. तायडे मॅडमना तासिका तत्त्वाचं पत्र मी जूनअखेर पाठवलं. ते 'घेण्यास नकार' असा शेरा होऊन परत आलं. त्या दिवशी मला लाज वाटली आणि ती अजून गेलेली नाही. त्यासाठी काही नमुना आहे का, म्हणून मी पाष्टेंकडे चौकशीही केली.

आता फक्त एक तांत्रिक बाब उरते. इथपर्यंत वाचल्यामुळे या प्राण्याचा दात, त्याचा मोसम, त्याला शोधलं कोणी आणि ओळखत होतं कोण, हे सगळं आपल्याला पूर्वपरवानगीशिवाय माहीत झालेलं आहे. तरी सोबतचा नमुना अकरा-क दोन प्रतींत भरून द्यावा. आपल्याला तो जड जाणार नाही. शेजारच्या बंद दारामागच्या आवाजांबद्दल, आपल्या कचेरीतल्या एखाद्या तायडे मॅडमबद्दल आपण हेच वाक्य रोज तोंडी म्हणत आला आहात. इथे फक्त सही करायची आहे.