अकराव्या कुकराची बखर

श्रीअन्नपूर्णा प्रसन्न. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, माघमासी लग्नसराई ऐन भरात असता भांडीपेठेच्या राज्यात जे अरिष्ट आले, त्याचे वर्तमान आयकिले तैसे लिहिले असे. ते राज्यी कुकर घडविणारे कारखानदार सरकार, ते पोचविणारे घाऊक सुभेदार आणि विकणारे दुकानदार ठाणेदार, ऐशी व्यवस्था. मुकुंदशेट वडनेरे पिढीजाद ठाणेदार, स्वभावे सालस, परंतु भारी घाबरट. त्यांनी नव्या कुकरांची पेटी फोडिली, तो आत सरकारांचा खलिता निघाला, की मागील खेपेच्या चोवीस कुकरांच्या झाकणातील सेफ्टी व्हॉल्व्ह वेळेवर सुटत नाही, शिट्टी तुंबली तर झाकण उडोन माणूस जायबंदी होईल, सबब विक्री तात्काळ बंद करावी आणि विकलेला माल माघारी घ्यावा. तारीख आठ दिवसांमागील! सरकारांनी खलिता सुभेदारांकडे धाडिला आणि सुभेदारांनी तो पेटीत कोंबोन हात झटकिले. शेटजींनी लागलीच सुभेदारांस फोन केला, तो ते वदले, "विकला तो विकला, शेट. आता गिऱ्हाईक आणि त्याचं नशीब. गप बसा." ऐसे शहाणपण सुभेदारीतच पिकते. शेटजींस गप बसवेना, अन्नही गोड लागेना.

तेरा कुकर फळीवर होते ते उतरविले. अकरा आहेरात गेले होते, आणि नेणाऱ्यांची नावे कोणी लिहोन ठेविली नव्हती. मग शेटजींस शकूरभाई आठवले. शकूरभाई वीस वर्षे दुकानाच्या पायरीवर बसोन आहेराच्या भांड्यांवर नावे घालीत, आणि काना-मात्रा चुको नये म्हणोन गिऱ्हाइकाने लिहिलेली चिठ्ठी तारेला टोचून ठेवीत. ती तार उतरविली, आणि चिठ्ठीवरल्या देणाऱ्यास पुसोन घेणाऱ्याचे घर गाठीत दोघांनी दोन दिवसांत दहा कुकर माघारी आणिले. एक विहीणबाई "दिलेला आहेर परत मागता, लाज नाही वाटत?" म्हणोन अंगावर धावल्या, शेटजींनी हात जोडिले आणि कुकर काखेत मारिला.

अकराव्याची चिठ्ठी मिळेना. तार दोनदा चाळिली, तंव शकूरभाईंच्या हातून ती खाली पडली. "शेटजी, त्याची चिठ्ठीच नव्हती. ते नाव मला पाठ होतं." नाव होते 'मुकुंदशेट वडनेरे यांजकडून', आणि कुकर गेला होता शकूरभाईंच्याच लेकीच्या, रेहानाच्या निकाहास; गिऱ्हाइकांमागे धावता घरचा आहेर दोघांसही आठवला नव्हता.

फोन लाविला, कोणी उचलेना. मग शेटजींनी स्कूटर काढिली. रेहानाचे सासर दोन कोस, आणि वाटेत शकूरभाईंची बोटे शेटजींच्या खांद्यात रुतली होती. शेटजींस एकच दिसत होते, आपल्या नावाचे भांडे आणि त्यावर वाकलेले पोरीचे तोंड. दाराशी पोचले तो डाळ शिजल्याचा वास आला आणि शकूरभाई उंबऱ्यावरच मटकन बसले. शेटजी एकटे आत धावले.

चुलीवर साधे पातेले होते. रेहाना चकित होवोन म्हणाली, "काका, काय झालं? फोन तर चार्जिंगला लावलाय." कुकर कपाटावर कोरा करकरीत. "त्याच्यावर अब्बांच्या हातचं नाव आहे. घासून घासून पुसट होईल, म्हणून वापरलाच नाही." शेटजी ओट्यास धरोन उभे राहिले आणि लहान मुलासारखे रडले. मग कुकर मागितला, तो पोर देईना. तेव्हा दोष झाकणात आहे ऐसे समजाविले, झाकण घेतले आणि नावाचे भांडे तिजपाशी राहू दिले.

तात्पर्य, अकराही घरे वाचली. दहा धावाधावीने, अकरावे पोरीच्या मायेने. सरकारांचे व सुभेदारांचे त्यात काही नाही. तेव्हापासोन शेटजी कुकर देण्याआधी नेणाऱ्याचा पत्ता लिहोन घेतात, आणि पेटी फोडिली की आधी कागद शोधितात. रेहाना त्या भांड्यात तांदूळ ठेविते. झाकण मात्र शेटजींनी कोणास परत केले नाही. ते गादीसमोर टांगिले आहे, आणि सुभेदार आले की त्यांस त्याच्याच खाली बसवितात.