माझा इरोध लिवा

ज्ञानूतात्यांनी स्वतःच्या सत्कारालासुद्धा विरोध केला होता. पंचाहत्तरी झाली म्हणून ग्रामपंचायतीनं शाल-नारळ आणला. सरपंचबाई शाल घेऊन पुढं झाल्या, तर तात्या काठी आपटून म्हणाले, "माझा इरोध हाय. लिवा." शाल मात्र घेतली. नारळही घेतला, आणि कानाशी हलवून पाणी आहे का ते बघितलं.

हे लिहून घेणारी मी. गावची अंगणवाडी माझ्याकडं आहे, म्हणून गावाच्या बाल संरक्षण समितीची सचिवही मीच. आई-बाप नसलेली, शाळा सुटलेली, घरात मार खाणारी पोरं गावात कोण आहेत आणि त्यांचं काय करायचं, हे त्या समितीच्या बैठकीत ठरतं. तात्या तिथं ज्येष्ठ नागरिक म्हणून आहेत. खरं सांगायचं तर ग्रामसभेतला त्यांचा ताप कमी व्हावा म्हणून आधीच्या सरपंचांनी त्यांना आमच्याकडं ढकललं. तेव्हापासून तो ताप माझ्या डोक्याला.

अंगणवाडीच्या भिंतीवर पेंटरनं निळा हत्ती काढला. तात्यांचा विरोध. "निळा हत्ती कुणी बघितलाय का?" बिचाऱ्यानं तो काळा केला. पुन्हा विरोध. "आता पोरं भ्याली की!" चहात साखर कमी, विरोध. जास्त, तरी विरोध. गावातले एक गृहस्थ वारले तेव्हा श्रद्धांजलीलाही यांचा विरोध. "दोस्त हुता माझा. पर लई खोटं बोलायचा." शेवटी मी एक सोय करून घेतली. बैठकीआधी घरीच प्रत्येक ठरावाखाली 'ज्ञानदेवतात्यांचा विरोध' असं लिहून ठेवायचं आणि कारणापुरती जागा मोकळी सोडायची.

मग राणी आणि सम्याचा विषय आला. राणी चौथीत, सम्या तिच्याहून धाकटा. बाप आधीच गेलेला, आणि आता आईही आजारपणात गेली. तालुक्याहून बाल संरक्षणाचे साहेब आले. माणूस वाईट नव्हता, पण सगळ्या तालुक्याची पोरं त्यांच्या एकट्याच्या मानगुटीवर. त्यांनी सांगितलं, मुलगी मुलींच्या बालगृहात जाईल, मुलगा मुलांच्या. एक या शहरात, एक त्या शहरात. दोन्हीकडं शाळा आहे, जेवण चांगलं आहे. समितीनं तशी शिफारस करावी, पुढचा निर्णय जिल्ह्याची बाल कल्याण समिती घेईल. सगळ्यांनी माना डोलावल्या.

"माझा इरोध लिवा."

"कारण?" साहेबांनी विचारलं.

"ही बाई उभी हाय."

दाराशी पोरांची मावशी उभी होती. पळसदेवची. नवरा धरणात मासे धरतो. तिला खुर्ची दिली.

"अजून इरोध हाय. बसलीया, तर बोलू द्या की तिला."

मावशी पदराशी चाळा करत म्हणाली, "दोघास्नी मी संबाळते की. पर आमचं घर पत्र्याचं हाय, ल्हान हाय..."

"तेच तर," साहेब म्हणाले. "जागा लहान आहे."

"घर कुणी बघितलंय?" तात्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. कुणीच बघितलं नव्हतं. "न बघता ल्हान कसं म्हणता? ह्येला बी इरोध."

त्यानंतर तात्यांनी जो दांडपट्टा फिरवला! पंखा आवाज करतोय, विरोध. साहेबांना बिस्किटं आणि आम्हाला नुसता चहा, विरोध. पोलीसपाटील जांभई देतोय, त्यालाही विरोध. शेवटी इंदापूरच्या मीटिंगला उशीर झाला म्हणून साहेब उठले आणि विषय पुढच्या बैठकीवर गेला.

आम्ही घर बघायला पळसदेवला गेलो, तर तात्या न बोलावता आमच्याआधी एसटीत बसलेले. मावशीच्या घरात शिरून त्यांनी काठीनं पत्रा ठोकला. "गळतुया. इरोध लिवा." दुसऱ्या दिवशी त्यांचाच मुलगा नवा पत्रा घेऊन त्या छपरावर चढला होता, हे मला मावशीकडून कळलं. पुढं साहेबही स्वतः घर बघून आले. नातेवाइकांकडं राहणाऱ्या पोरांसाठी सरकारची बालसंगोपनाची मदत असते, तिचे कागद त्यांनीच करून दिले.

पुढच्या बैठकीत ठराव असा आला की दोघं भावंडं मावशीकडंच राहावीत. सगळ्यांच्या नजरा तात्यांवर. तात्या गप्प.

"तात्या, विरोध लिहिलाय मी," मी म्हटलं. "कारण सांगा."

"खोड."

"काय?"

"खोड म्हणलं की. न्हाय इरोध."

जिल्ह्याचा आदेशही तसाच आला. त्या दिवशी मी अंगणवाडीच्या ओट्यावर बसून मोकळेपणानं रडले. किती दिवसांचं ओझं उतरलं होतं! संध्याकाळी मावशी दोन्ही पोरांना घेऊन पेढे द्यायला आली. ओट्यावर येऊन बसलेल्या तात्यांनी पेढा लई गोड आहे म्हणून विरोध केला आणि दुसरा उचलला. पोरं अंगणात टायर पळवत होती.

"तात्या, त्या बैठकीत गप्प का बसलात?" मी विचारलं.

त्यांनी पोरांकडं बघितलं. मग म्हणाले, "आमची मेंढरं हुती तवाची गोष्ट हाय. आई-बा पाठोपाठ गेलं. भावकीची अशीच बैठक बसली. मला चुलत्याकडं कळसला, धाकटीला मामाकडं पणदऱ्याला. समद्यांनी माना हलिवल्या. एक गडी न्हाय म्हणला न्हाय."

"मग बहीण?"

"हाय की. नातवंडांत रमलीया." तात्यांनी काठीची मूठ चोळली. "लई वर्सांनी तिला भेटाया गेलो. दारात पोरींसंगं खेळत हुती. माझ्याकडं बघितलं आन् आत वरडली, 'मामी, कोन तरी पाव्हणं आल्यात.'"

तेवढ्यात अंगणात कालवा उठला. सम्यानं टायर दिला नाही म्हणून राणीनं त्याचे केस धरले होते आणि तो तिच्या हाताला चावत होता. मी सोडवायला धावले, तर तात्यांनी काठी आडवी घातली.

"माझा इरोध हाय," ते म्हणाले. "भांडू द्या त्यास्नी."