दोन इलेक्ट्रॉन आणि पंचवीस चादरी

शुक्रवारी संध्याकाळी संघप्रियाने कपाटावरची गुंडाळी काढली, भिंतीवर उलगडली आणि तिच्या तोंडून एकच शब्द निघाला, "मोर?"

मोरच होता. चांगला ऐसपैस, पिसारा फुलवलेला, ग्राफच्या बारीक चौकोनांत भरलेला. त्या जागी असायला हवे होते दोन इलेक्ट्रॉन.

संघप्रिया एम.एस्सी. फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा क्वांटम फील्ड थिअरीचा सेमिनार होता. विषय असा, की दोन इलेक्ट्रॉन जवळ आले तर एकमेकांना ढकलतात कसे. सेमिनार घेणार होते मंजुनाथ सर. मूळचे कानडी सीमेवरच्या मैंदर्गीचे. त्यांच्याकडे कुणी अडचण घेऊन गेलं की मान वर न करता ते एकच वाक्य बोलायचे, "उद्या या. पेन्सिल घेऊन या." बंगळुरूच्या उन्हाळी शिबिरासाठी विभागातून एकच नाव जायचं होतं आणि ते सर ह्याच सेमिनारवरून ठरवणार होते. त्या एका नावापायी संघप्रियाने भावकीतली दोन लग्नं चुकवली होती.

सरांची आणखी एक अट होती. आकृती हाताने काढलेली हवी. मोबाईलवरून उचललेली ते लांबूनच ओळखत. ग्राफपेपरला घरात तोटा नव्हता, कारण वडील यशपाल भवानी पेठेतल्या चादरीच्या कारखान्यात पंचिंग करायचे. म्हणजे ग्राफवरचं डिझाईन मोजून त्याप्रमाणे मागाच्या पुठ्ठ्यांना भोकं पाडायची. संघप्रियाने त्यांचाच एक मोठा ग्राफ घेऊन आकृती रंगवली होती. खालून येणारे, वळणारे आणि वर दूर जाणारे दोन लाल इलेक्ट्रॉन, मधे हिरवा नागमोडी फोटॉन, टोकांना संवेग दाखवणारी पी आणि के ही अक्षरं. मग गुंडाळी कपाटावर वडिलांच्या गुंडाळ्यांशेजारी ठेवून ती वहीतल्या गणिताला बसली. अकरा दिवस झाले तरी तिचं उत्तर पुस्तकातल्या उत्तराशी जुळायला तयार नव्हतं.

"पप्पा, कपाटावरची गुंडाळी तुम्ही नेली का?"

"व्हय की. धा दिस झालं," यशपाल चहा फुंकत म्हणाले. "माढ्याच्या लग्नाची आर्डर. आहेराच्या चादरी."

"अहो, ती माझी होती! ऑर्डरीचा हा मोर इथं बसलाय!"

"आसं कसं? लाल-हिरवं व्हतं की."

"पण त्यात मोर दिसला का तुम्हाला?"

"मी मोर कवा बघतो, संघू? मी चौकोन मोजतो."

हे खरं होतं. सव्वीस वर्षांत त्यांच्या हाताखालून किती मोर, कमळं आणि ताजमहाल गेले, ह्याची त्यांना दाद नव्हती.

"मग मालकांनी तरी कसं सोडलं?"

"म्हेश्वरशेठनी बघितलं की. नवरीचं नाव प्रतीक्षा, नवऱ्याचं किरण. पी आन् के. म्हणले, यशपाल, गिऱ्हाईकानं न सांगता नावं घातलीस, ह्येला म्हणत्यात डोकं! मी बी मग गप बसलो."

संघप्रिया तशीच चप्पल घालून कारखान्यात पळाली. मागून यशपाल, चहा तसाच ठेवून. पंचवीस चादरी विणून, घड्या घालून खोक्यांत बसल्या होत्या. ग्राफ सुताचे रंग जुळवायला रंगखात्यात गेला होता आणि तिथे टबात पडून त्याचा गुलाबी लगदा झाला होता. माग मास्टर येडूमामांनी शांतपणे ती बातमी सांगितली आणि नमुन्याची म्हणून ठेवलेली सव्विसावी चादर तिच्यापुढे पसरली.

"कागद अर्धवट व्हता, पोरी. मी पुरा केला."

संघप्रियाने बघितलं आणि तिचे डोळे भरून आले. तिच्या आकृतीशेजारी तशीच दुसरी उभी होती, पण तिची वरची टोकं अदलाबदल केलेली आणि सगळे रंग उलटे.

"मामा, हे काय केलंत!"

"जोडी लावली. यशपालकडनं जादा भोकं पाडून घेतली. आगं, दोन्ही धागं लालच. खालनं दोन आत गेलं, वरनं दोन भाईर आलं. कुठला कुठनं निघाला, तुला तरी वळखायला येतंय का? मग येकच वाट काढून कसं भागंल? दोन्ही काढायच्या."

"आणि रंग?"

"दोन्ही सुलट ठिवल्या तर येकात येक मिसळून जात्यात. म्हणून येक सुलट, येक उलट."

ती रडायच्या नादात होती. तिने धड ऐकलंही नाही. रात्रीतून नवी आकृती काढावी, तर गणितच जुळलेलं नव्हतं, रात्र त्यालाच लागणार होती. शेवटी वही आणि चादर घेऊन ती घरी आली.

शनिवारी सकाळी फळ्यावर चिमटे लावून चादर टांगली, तेव्हा वर्ग खिदळला. सरांनी चष्मा वर केला.

"एनिदु? हे काय? सेमिनार आहे की अंथरूण?"

"आकृती आहे, सर. हाताने काढली होती. मग... विणली गेली."

सर चादरीजवळ गेले. मग त्यांनी खडूने शेजारची आकृती दाखवली. "ही दुसरी कशासाठी?"

'चुकून, सर,' असं म्हणायला तिने तोंड उघडलं. पण तोंडातून आले येडूमामा. "सर, दोन्ही सारखेच आहेत. आत दोन गेले, बाहेर दोन आले. कुठला कुठून निघाला हे ओळखता येत नाही. एकच वाट काढून भागत नाही. दोन्ही काढाव्या लागतात."

"बरं. रंग उलटा का?"

"दोन्ही सुलट ठेवल्या तर... एक सुलट, एक उलट..." आणि ती थबकली. उलट म्हणजे वजा! दुसरी वाट पहिलीतून वजा करायची! तिने खडू जवळजवळ हिसकावूनच घेतला आणि फळ्याकडे वळली. दहा मिनिटांत उत्तर पुस्तकाशी काडीमात्र फरक न राहता जुळलं. अकरा दिवस ती अर्ध्याच चादरीचं गणित करत बसली होती!

सरांनी शिबिराच्या कागदावर तिचं नाव लिहिलं. मग हळूच विचारलं, "ही वजाबाकी तुझी?"

हो म्हणून टाकायचा मोह तिला झाला. तो तिने गिळला. "नाही सर. येडूमामांची."

"कुठल्या विद्यापीठात असतात?"

"भवानी पेठेत."

सरांनी नाव खोडलं नाही. फक्त पत्ता लिहून घेतला.

पुढच्या आठवड्यात माढ्याहून यशपालना फोन आला. चादरी लई आवडल्या. नवरीची आजी विचारत होती, की ही दोघं जवळ आली, मधी वेल फुलली, तर फुडं काय होतं?

"पुढं ते एकमेकांपासून जेवढं लांब पळता येईल तेवढं पळतात," संघप्रिया म्हणाली.

यशपालनी फोनवर हात ठेवला, तिच्याकडे डोळे वटारले आणि मग गोड आवाजात म्हणाले, "फुडं दोघांची परगती हाय, आजी!"

त्याच दुपारी ती कारखान्यात पेढे द्यायला गेली, तर दारात मंजुनाथ सर उभे. काखेत भली मोठी गुंडाळी. आत येडूमामांसमोर त्यांनी ती अदबीने पसरली. सरांचं स्वतःचं काम होतं ते, नऊ वर्षांपासून अडलेलं.

"मास्टर, हे जरा बघता का? काहीतरी सुटलंय, सापडत नाही."

मामांचा एक माग अडला होता आणि त्यांचे दोन्ही हात धाग्यांत होते. त्यांनी कागदावर तिरकी नजर टाकली.

"शाईनं काढलंय. खोडायचं कसं?" ते म्हणाले आणि मान खाली घालून पुन्हा धाग्याला लागले. "उद्या या, सायेब. पेन्सिल घेऊन या."

सर एवढंसं तोंड करून "बरं" म्हणाले. संघप्रियाने पेढ्यांचा डबा तोंडापुढे धरला आणि मागांच्या खडखडाटात पोटभर हसून घेतलं.