हापशाच्या पाण्याची हकीकत

श्रीशारदेस नमन, आणि छापखान्यातील शिशाच्या खिळ्यांसही नमन. शके एकोणीसशे एक, आमची भाची यमुना हिचे दुधाचे दात पडून नवे आले ते साल. नवे आले ते पिवळे, तपकिरी डागांचे आले, आणि तिच्या बरोबरीच्या साऱ्या पोरांचे तैसेच आले. नगराचे नाव लिहीत नाही. त्या नगरी विश्वनाथपंत चिमोटे साप्ताहिकाचे संपादक होऊन राज्य करीत होते. राज्य म्हणजे दोन खोल्या, पायाने चालवायचे एक यंत्र आणि शाईचा वास. तो वास अजून नाकात आहे. दरबारी एक रिवाज होता, की लेख सिद्ध जाहला म्हणजे खिळे जुळविण्यापूर्वी तो आम्हांस वाचून दाखवावा, कारण आम्ही यंत्र चालवीत होतो आणि चाळिशी गाठूनही अक्षरशत्रू होतो, आणि पंतांनी पुसावे, "कळले?" आणि आम्ही "कळले" म्हटले तरच छापावे.

सात वर्षांमागे दुष्काळ पडला तेव्हा नगराध्यक्ष बळीरामजी यांनी खोल बोअर पाडून हापसा बसविला होता, त्या पाण्याने नगर वाचले, म्हणोन बायका पाडव्यास हापशाला हळदकुंकू वाहात. पंतांस दातांचा संशय आला आणि त्यांनी हापशाचे व जुन्या विहिरीचे पाणी बाटल्यांत भरून शहरातील प्रयोगशाळेस पाठविले, आणि उत्तर आले की हापशाच्या पाण्यात फ्लोराइड फार, पुढे हाडेही वाकतील, विहिरीचे पाणी चांगले. मग पंतांनी मोठा लेख लिहिला. वाचते वेळी कॉलेजचे दोन प्रोफेसर बसले होते. प्रतिलिटर मिलिग्रॅम वगैरे आले ते आम्हांस काडीचे उमगले नाही, परंतु प्रोफेसरांपुढे लाज वाटली आणि आम्ही "कळले" बोलून गेलो. लेख छापला. कोणासच कळला नाही. मग बळीरामजी चौकात उभे राहून बोलते जाहले, "ज्या पाण्यानं जगवलं त्याला हा इसम विष म्हणतो!" आणि लोकांनी अंक जाळले, आणि हापशावर रांग दुप्पट लागली. त्या रांगेत आमची बहीण भागीरथी, यमुनेची आई, कडेवर धाकटे पोर घेऊन उभी. ती आम्हांस म्हणाली, "दादा, तू तिथंच कामाला ना? सांग, काय लिहिलंय?" आम्ही बोटांची शाई पुसू लागलो. तिने हंडा भरला आणि गेली.

मग आम्ही पंतांपुढे उभे राहून कबूल केले. पंत चष्मा काढून म्हणाले, "गाढवा, तुझ्या भरवशावर छापतो मी. आजवर किती वेळा खोटं बोललास?"

"दोनदा, साहेब. एकदा अंतराळयानाच्या लेखाला."

"अंतराळयानानं कोणाचे दात गेले नाहीत. ह्याचं बोल. बोलाव तुझ्या बहिणीला."

भागीरथी आली, यंत्रापाशी पोते टाकून बसली, आणि पंत वाचू लागले आणि ती दर ओळीस अडवू लागली. "हे मिलिग्रॅम म्हंजे काय वो? दाताचं बोला की." पंत खोडीत गेले. अखेर ती म्हणाली, "समदं खरं आसंल. मग प्यायचं कुठलं?" पंतांनी लेख उलटसुलट चाळला. विहिरीचे पाणी चांगले, हे लेखात लिहावयाचेच राहिले होते. प्रोफेसरांसही ते सुचले नव्हते.

तोच प्रश्न मथळा करून, जाहिरातीचे मोठे लाकडी खिळे लावून, अकरा ओळींचा अंक काढिला, आणि भागीरथीने तो अंक रांगेत उभ्या बायांस बोलून सांगितला. आठ दिवसांत विहिरीवर गर्दी जाहली, आणि महिन्याने बळीरामजींनी स्वतःच हापशाचा दांडा काढविला. आम्ही त्याच महिन्यात खिळ्यांवरून अक्षरे शिकू लागलो. खिळ्यावर अक्षर उलटे असते, सबब प्रथम उलटेच वाचावयास आले, आणि पंत पोट धरून हसले.

ऐसे ते राज्य होते. आता यंत्र भंगारात गेले. यमुनेचे दात तसेच राहिले, ती आजही तोंडावर हात धरून हसते. कडेवरच्या धाकट्याचे पांढरे आले. विश्वनाथपंत चिमोटे शके एकोणीसशे अठरा, माघ वद्य पंचमीस सकाळी वारले. त्यांच्या मृत्यूची बातमी आम्ही स्वहस्ते जुळविली, आणि छापण्यापूर्वी भागीरथीस वाचून दाखविली.