चेटकिणीला पाच स्टार

आमच्या गल्लीत लोकांना घाबरवायचा मक्ता माझ्याकडे! पंचवीस वर्षं गोणपाट पांघरून, भूत बनून मी अख्खं जळगाव पळवलंय. असा हा अभिमन मोबाइलमधल्या चेटकिणीला भितो, हे कुणाला कळलं असतं तर तोंड दाखवायला जागा उरली नसती!

गेम फुकटचा. त्यातल्या विहिरीत वाकलं की ती बाहेर येते. आली की माझं काळीज वाऱ्यातल्या केळीच्या पानासारखं टरकतं!

म्हणून लखीचंदशेठच्या कापडदुकानात छाती फुगवून म्हणालो, "पोरांसाठी वाईट हो हे! गल्लीनं मिळून लिहिलं तर कंपनी चेटकीण काढेल. लावता पैज?"

शेठ हसले. "अभिमनभाऊ, गिऱ्हाईक तोंडानं काय बोलतं ते मी ऐकतच नाही. हात कुठल्या ताग्यावर फिरतो ते बघतो. कंपनी पण तेच बघणार. हरलात तर रविवारी भरीत पार्टीत, टीव्हीला फोन जोडून, सगळ्यांसमोर विहिरीत वाकायचं!"

"मंजूर!" म्हणालो. आणि लगेच घरोघर निघालो.

गेम डाउनलोड केल्याशिवाय तक्रार लिहिता येईना. मग काय, एकोणतीस घरांत मीच डाउनलोड करून दिला!

"काका, स्टार किती द्यायचे?" शेजारच्या डिंपलनं विचारलं.

"पाच! काम करून घ्यायचं तर आधी गोड बोलावं लागतं!"

सगळ्यांनी लिहिलं, 'गेम फारच छान. चेटकीण काढावी, ही नम्र विनंती.'

आता फोनमध्ये आलीच आहे, तर बघू तरी कशी दिसते, म्हणून जो तो विहिरीत वाकायला लागला. भरदुपारी घराघरातून किंकाळ्या!

सत्तरीच्या धुरपदाबाई धावत आल्या. "अभिमन, ती मनाकडे दखीसन हासनी रे!"

"तुमच्याकडे बघून हसली? मग बंद करा ना अक्का!"

"आखो एकदाव दखस!" म्हणत त्या पुन्हा विहिरीत वाकल्या.

शनिवारी गेम बदलून आला. डिंपलनं शेठच्या दुकानात मोठ्यानं वाचलं, "लाडक्या खेळाडूंनो, तुम्ही विहिरीपाशीच सर्वात जास्त रमलात. म्हणून आता तीन विहिरी, तीन चेटकिणी!"

मी खालीच बसलो. शेठनी कापड मोजता मोजता विचारलं, "उद्या किती वाजता, भाऊ?"

धुळ्याला मेव्हण्याकडे पळायला बॅग भरली, तर बायको, रूपा, म्हणाली, "त्यानंही घेतलाय गेम. आणि त्याचा टीव्ही शेठच्यापेक्षा मोठा आहे!"

रविवारी वांगी भाजत होती, गल्ली सतरंजीवर बसली होती. मी पहिल्या विहिरीत वाकलो. कुणीच आलं नाही! लोकांकडे वळून मिशीला पीळ दिला, "बघा! घाबरली मला!"

तेवढ्यात माझ्या मागं पडद्यावर ती आली, आणि मी वळून बघितलं.

पुढचं मला आठवत नाही. रूपा सांगते, मी लखीचंदशेठच्या मांडीवर होतो, आणि शेठ माझ्या पाठीवरून हात फिरवत होते. गल्ली एका सुरात ओरडत होती, "वन्स मोअर! वन्स मोअर!"

गिऱ्हाईकाची एवढी मागणी म्हटल्यावर काय करणार? उरलेल्या दोन्ही विहिरींत वाकावं लागलं!