फ्यूजमागची पेनी

हाउगेन यांच्या घरात टोस्टर लावण्याआधी हाक मारावी लागे.

"मार्लिस, टोस्टर लावतोय."

"थांब, इस्त्री चालू आहे."

एकेचाळीस वर्षांच्या संसारातलं निम्मं संभाषण एवढंच होतं. स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि इस्त्रीचं टेबल या तिन्हींचा भार एकाच तारेवर, आणि तिच्या मुळाशी तळघरात बाटलीच्या बुचाएवढा काचेचा फ्यूज. कुणी न विचारता काही लावलं की तो आपला जळून मोकळा. मग मार्लिस वरून म्हणे, "ऑरविल, गेली." आणि ऑरविल हाउगेन विजेरी घेऊन, आपल्याशिवाय या घराचं काही खरं नाही अशा चालीने जिना उतरत. निवृत्तीनंतर त्यांना कुणी हाक मारावी असं तेवढंच एक काम उरलं होतं. वायरिंग बदलून घ्या असं मुलगी दरवर्षी सुचवी, आणि ते दरवर्षी 'बघू' म्हणत.

तीस वर्षं त्यांनी गावच्या शाळेत विज्ञान शिकवलं होतं. 'फ्यूज मुद्दाम दुबळा ठेवलेला असतो, तार तापायच्या आत त्याने वितळायचं,' हे वाक्य मिनेसोटातल्या त्या गावात दोन पिढ्यांना पाठ होतं.

ऑक्टोबरात चर्चच्या तळघरात पाणी शिरलं आणि महिला मंडळाचं रविवारचं जेवण हाउगेनांकडे आलं. नऊ बायका आल्या, प्रत्येकीच्या हातात झाकणावर नावाची पट्टी चिकटवलेलं विजेचं पातेलं. पातेली आळीपाळीने लावू, असं मार्लिसचं म्हणणं होतं. ऑरविल सरांनी ते हसण्यावारी नेलं.

तिसऱ्या पातेल्याला पहिला फ्यूज गेला. कॉफीच्या मोठ्या भांड्याला दुसरा. तो शेवटचा होता, आणि रविवारी दुकान बंद. वर अंधाऱ्या स्वयंपाकघरात बायका एकमेकींना समजावत होत्या, की मीटबॉल गारही छान लागतात. हा समजूतदारपणा सरांना जिन्यावर ऐकू आला आणि फार लागला.

तळघरात फळीवर चिल्लरीची बरणी होती. त्यांनी एका सेंटची एक पेनी उचलली, परत टाकली आणि शोधून जुनी काढली. नव्या पेनीत आत जस्त असतं, जुनी अस्सल तांब्याची. चूक करतानाही त्यांनी माल चांगला वापरला. पेनी खाचेत बसवून जळका फ्यूज त्यावर पिळला, आणि वर नऊच्या नऊ पातेली, कॉफी, दिवे, सगळं एकदम सुरू झालं.

"काय केलंस रे?" मार्लिसने विचारलं. असं कौतुकाने तिने त्यांच्याकडे बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं.

"जरा घट्ट बसवला," सर म्हणाले. या वाक्याचं त्यांना पुढे सगळ्यात जास्त वाईट वाटलं.

चाळीस मिनिटांनी फ्रिजमागचा भिंतीवरचा कागद तपकिरी होऊ लागला. मग वास आला, मग धूर. गावचं अग्निशामक दल म्हणजे डेलमार आणि आणखी चौघे. डेलमार एरवी वायरमन, शाळेत सरांचा विद्यार्थी, आणि एक पातेलं त्याच्या बायकोचं. त्याने मेन स्विच पाडला, कुऱ्हाडीने भिंत फोडली, आग विझवली आणि तळघरात जाऊन काळी पडलेली पेनी घेऊन वर आला.

"सर, आधी फ्यूजने वितळायचं की तारेने, हे तुम्ही आम्हाला परीक्षेत विचारायचात."

"पाच गुणांना," सर म्हणाले.

मार्लिस भिंतीकडे बघत होती. तो कागद तिने लग्नाच्या पहिल्या वर्षी स्वतः चिकटवला होता. "यापेक्षा वाईट होऊ शकलं असतं," एवढंच ती बोलली. त्या भागात याहून कडक शब्द वापरत नाहीत.

पंधरवड्यात डेलमारने सगळ्या तारा बदलल्या आणि तळघरात चोवीस खटक्यांची नवी पेटी बसवली. भार वाढला की खटका आपोआप पडतो, वर केला की झालं. काही जळायला नको, काही बदलायला नको. प्रत्येक खटक्यापुढे त्याने ठळक अक्षरांत नाव लिहिलं. अक्षराला सरांनीच वळण लावलेलं.

आता टोस्ट आणि कॉफी एकाच वेळी टेबलावर येत. दोघं समोरासमोर बसून खात. विचारण्यासारखं काही नसे.

"मार्लिस, टोस्टर—"

"लाव की. विचारतोस काय?"

एका मंगळवारी सकाळी सर हळूच तळघरात उतरले, चौदा नंबरचा खटका खाली केला आणि वर येऊन पेपर उघडून बसले. विजेरी खिशात होती. स्वयंपाकघरात कॉफीची गुरगुर थांबली. सर हाकेची वाट बघू लागले.

हाक आली नाही. मार्लिसची पावलं जिना उतरली, खाली खट् झालं, पावलं परत वर आली. कॉफी पुन्हा गुरगुरू लागली. सरांनी पेपरचं पान उलटलं. ते त्यांनी वाचलेलं नव्हतं.

"ऑरविल."

"हं?"

"उद्या बंद करशील ना, तेव्हा आधी कॉफी होऊ दे."