वाफा इथे नको

देवापुढे हात जोडून ती रोज सकाळी एक नेम धरायची. एखाद्या दिवशी कुणाची उणीदुणी काढायची नाहीत, एखाद्या दिवशी आवाज चढवायचा नाही, असे तिचे साधेच नेम असत. त्या दिवशीचा नेम होता, कुणालाही ‘नाही’ म्हणायचं नाही. आणि नेमका त्याच दिवशी तिने अंगणात फुलांचा वाफा करायचा बेत केला होता. देवाला घरचं फूल वाहायचं, एवढीच तिची लग्न झाल्यापासूनची इच्छा. या दोन गोष्टी एका दिवशी धरू नयेत, हे तिला रोपवाटिकेतच कळलं.

“ताई, शेवंतीचा खोका देऊ ना?”

“हो.”

“झेंडूही ताजा आहे. राहू दे बरोबर?”

“राहू दे.”

“मग हा शेवटचा खोका तरी कशाला मागे ठेवता? बिचारा एकटा पडेल!”

“द्या,” ती क्षीण आवाजात म्हणाली.

“पण संध्याकाळच्या आत मातीत गेली पाहिजेत हं. मुळं पिशव्या फाडून बाहेर आलीत. उद्या काही खरं नाही.”

एका वाफ्याची आखणी आणि तीन खोके रोपं घेऊन ती घरी आली. पदर खोचला, कुदळ उचलली आणि फाटकाजवळची टणक जमीन फोडायला घेतली. हातभर रुंद चर खणून होतो न होतो तोच नवरा गाडीची किल्ली फिरवत बाहेर आला.

“अगं, इथे कुठे? मी गाडी कुठून वळवू, तुझ्या डोक्यावरून? तिकडे स्वयंपाकघराच्या खिडकीखाली कर.”

“हो,” ती म्हणाली. गाडी निघून गेली. ती खिडकीखाली गेली.

तिथली माती जरा मऊ होती. अर्धं काम झालं, तशा सासूबाई ओल्या कपड्यांची बादली घेऊन आल्या.

“अगं बाई! माझ्या दोरीखाली चिखल करतेस? एखादा टॉवेल पडला तर पुन्हा धुवायला मी बसू? त्या भिंतीकडे सरक बघू.”

“सरकते, आई.”

भिंतीपाशी नुसते दगडच होते. ते उपसून तिने चर काढला, कपाळाचा घाम पुसला आणि पहिलं रोप हातात घेतलं, एवढ्यात भिंतीवरून शेजारच्या काकांचं टक्कल उगवलं.

“सूनबाई, रागावू नका, पण पाणी मुरलं की ओल माझ्या भिंतीला येणार. आत्ताच रंग दिलाय. मधोमध घ्या की! अंगण तुमचंच आहे.”

“बरं, काका.”

तिने हातातलं रोप पाहिलं. त्याने मान टाकायला सुरुवात केली होती. तिने मात्र टाकली नाही. दातावर दात धरून तिने अंगणाच्या मधोमध चौथा चर खणायला घेतला. हाताला फोड आले, कंबर बोलू लागली. तोंडातून मात्र चकार शब्द नाही.

नवरा परत आला, तेव्हा गाडीचं पुढचं चाक फाटकातच चरात गेलं.

“अगं, हे काय? पलीकडे कर म्हणालो होतो ना?”

“हो. पलीकडेही केलाय.”

त्याने गाडी मागे घेऊन रस्त्यावर लावली, अंगणभर नजर फिरवली आणि डोक्याला हात लावला. “घराचं रणांगण केलंस! आधी हे सगळे खड्डे बुजव. मी जरा पडतो. उठेन तेव्हा एकही खड्डा दिसता कामा नये. कळलं?”

“हो,” ती म्हणाली, आणि पहिल्यांदा तिचा चेहरा उजळला.

ती रोपांचे खोके फरफटत घेऊन आली. फाटकापाशी झेंडू, खिडकीखाली शेवंती, भिंतीलगत पुन्हा झेंडू, मधोमध उरलेलं सगळं. माती, शेणखत, वर पाणी. काकांनी भिंतीवरून तोंड उघडलं, पण ओलीचं बोलणं बाजूला राहिलं. “सूनबाई, एखादं रोप जास्तीचं आहे का हो?” एवढंच विचारलं.

“हो!” तिने चार दिली. काका ती घेऊन, रंगासकट सगळं विसरून, आत पळाले. सासूबाई दोरीखाली उभ्या राहून म्हणाल्या, “आता टॉवेल पडला तर निदान फुलांत पडेल,” आणि कपडे झटकू लागल्या.

नवरा डोळे चोळत बाहेर आला. पायरीवरच थबकला.

“खड्डे बुजव म्हटलं होतं ना मी?”

“हो. एक तरी दिसतोय का?”

त्याने खाली वाकून पाहिलं. खरंच दिसत नव्हता. “आणि माझी गाडी? ती काय रोज रस्त्यावर ठेवू?”

“हो.”

“म्हणजे या घरात माझ्या शब्दाला काही किंमत आहे की नाही?”

“आहे ना! तुमच्या सगळ्यांच्या शब्दासाठी तर एकाचे चार वाफे केले.”

तो कंबरेवर हात ठेवून, जमेल तितक्या खोचकपणे म्हणाला, “वा! मग आता रोज यांना पाणीही मीच घालू का?”

“हो,” ती हळूच म्हणाली, आणि झारी त्याच्या हातात दिली.